मोरपंखीची छाटणी, सागाचा पाला: काडी लावण्याआधी हे गणित समजून घ्या

डिजिटल डेस्क, धारणी

पावसाळा ओसरला की धारणीत कुंपणं छाटायची वेळ येते. शाळेच्या आवारातली मेंदी, ऑफिससमोरचा ड्युरांटा, घरापुढची मोरपंखी, सगळंच चार महिन्यांत हाताबाहेर वाढलेलं असतं. एका दुपारी छाटणी होते आणि संध्याकाळी रस्त्याच्या कडेला हिरव्या फांद्यांचा ढीग लागतो. आठ-दहा दिवसांनी तो अर्धवट वाळतो. मग कुणीतरी काडी लावतं.

जानेवारीनंतर हेच सागाच्या पानांचं होतं. अंगण झाडायचं, पाला कोपऱ्यात लोटायचा आणि पेटवून मोकळं व्हायचं. मेळघाटात राहणाऱ्याला हे नवीन नाही. पण पुढे फेब्रुवारीपासून जंगलात वणव्याचा हंगाम सुरू होतो आणि गावातल्या कोपऱ्यात पेटवलेला ढीग कोपऱ्यातच राहील याची खात्री कुणालाच देता येत नाही.

हा कचरा जाळण्याऐवजी त्याचं खत होतं का? होतं. पण मोरपंखीचं खत करणं मेथीच्या काड्यांचं करण्याइतकं सोपं नाही. मी स्वतः एकदा सपशेल फसलो आहे. म्हणून आजचा एक्सप्लेनर.

थोडक्यात

- मोरपंखीसारखा चिवट पाला कुजतो, पण बारीक तुकडे, शेण आणि ओल हे तिन्ही मिळालं तरच.
- ‘या पाल्याने माती आंबट होते’ हा समज पूर्ण कुजलेल्या खताला लागू होत नाही.
- वऱ्हाडातच जन्मलेली ‘नाडेप’ पद्धत कमी शेणात जास्त खत देते.
- पाला उघड्यावर जाळणं नियमाविरुद्ध आहे.
- जंगलातला पाला परस्पर आणू नका. घरचा आणि आवारातला पुरेसा असतो.

मोरपंखी वेगळी का?

शाळेत असताना वहीच्या पानांत ‘विद्या’ ठेवली असेल ना? चपटं, पंख्यासारखं ते हिरवं पान म्हणजेच मोरपंखी. हे झाड शंकूधारी, म्हणजे चीड आणि देवदाराच्या जातकुळीतलं. कडुनिंबाचं किंवा मेंदीचं पान ओल्या मातीत काही आठवड्यांत काळं पडून मऊ होतं. वहीत ठेवलेली ‘विद्या’ मात्र वर्षानुवर्षं आकार सोडत नाही. तिचं हे टिकाऊपण खताच्या ढिगात आडवं येतं.

कारणं तीन. एक, पानांवर मेणासारखा थर असतो. त्यातून पाणी आणि जिवाणू लवकर आत शिरत नाहीत. दोन, आत राळेसारखी सुगंधी द्रव्यं असतात. पान चोळल्यावर येणारा वास त्यांचाच. काही सूक्ष्मजीवांची वाढ ही द्रव्यं रोखून धरतात. तीन, लिग्निन. लाकडाला कणखरपणा देणारा हा घटक तोडायला मुख्यतः बुरशी लागते आणि बुरशी सावकाश काम करते.

नर्सरीत कधीकधी सुरूलाही याच रांगेत बसवतात. सुरू दिसतो सुईसारख्या पानांचा, पण तो शंकूधारी नाही. ते फुलणारं झाड आहे आणि ज्यांना आपण सुया समजतो त्या प्रत्यक्षात बारीक सांधेदार डहाळ्या असतात. त्याही सावकाशच कुजतात, त्यामुळे पुढची कृती सुरूलाही चालते.

सागाच्या पानाची गोष्ट थोडी निराळी. ते मोठं, खरखरीत, जाड शिरांचं. अख्खी पानं एकावर एक पडली की पत्रावळींची थप्पी व्हावी तसा थर बसतो. आत ना हवा जाते, ना पाणी.

माझा ढीग का फसला?

इंजिनीअरिंग झालेलं असल्यामुळे मी आधी गणित केलं. खताच्या ढिगात जिवाणूंना कार्बन लागतो ऊर्जेसाठी आणि नत्र लागतं शरीर बांधण्यासाठी. साधारण २५ ते ३० भाग कार्बनला एक भाग नत्र हे प्रमाण त्यांना मानवतं. कार्बन जास्त झाला तर ढीग थंड पडतो. नत्र जास्त झालं तर अमोनियाचा उग्र वास सुटतो.

अंदाजे आकडे घेऊन हिशेब असा होतो. समजा, १० किलो वाळलेला पाला आहे. त्यात सुमारे साडेचार किलो कार्बन आणि ७५ ग्रॅम नत्र. प्रमाण ६०:१. त्यात २० किलो ताजं शेण घातलं. शेणात ८० टक्के पाणी धरलं तर कार्बन १.६ किलो आणि नत्र ८० ग्रॅमच्या आसपास. दोन्ही मिळून प्रमाण ३९:१ वर आलं. आता ताजी, हिरवी छाटणी १० किलो टाकली, तिच्यातून १.८ किलो कार्बन आणि ८० ग्रॅम नत्र धरलं, तर आकडा ३४:१ च्या जवळ येतो. म्हणजे काम चालण्यासारखं.

माझं गणित कागदावर बरोबर होतं. सप्टेंबरअखेर ढीग रचला, वर ताडपत्री टाकली आणि निर्धास्त झालो. होळीच्या आधी ताडपत्री काढली तर मोरपंखीच्या फांद्या तपकिरी झालेल्या, पण जशाच्या तशा. पंख्याचा आकारसुद्धा मोडला नव्हता. खालच्या बाजूला वाळवी लागलेली. मेळघाटात होळी हा वर्षाचा मोठा सण. शेजारच्या पोरांनी ढीग पाहिला आणि सरळ विचारलं, “दादा, होळीत टाकायला देता का?”

चुका दोन होत्या. पहिली, फांद्या अख्ख्या टाकल्या. जिवाणू कापलेल्या टोकांतून आत शिरतात. ३० सेंटीमीटरच्या एका काडीला कापलेली टोकं फक्त दोन. तिचेच तीन-तीन सेंटीमीटरचे दहा तुकडे केले की टोकं होतात वीस. दुसरी, ताडपत्रीखाली पाणी शिंपडलंच नाही. पावसाळ्यानंतर ढीग आतून कोरडा होत गेला. कार्बन-नत्राचं प्रमाण कितीही नेमकं असलं तरी पाण्यावाचून जिवाणू काम करत नाहीत.

मग करायचं काय? घरगुती कृती

१. बारीक करा. काडीची लांबी दोन ते पाच सेंटीमीटरपर्यंत आणा. कोयता आणि लाकडी ओंडका पुरतो. शेजारी कुणाकडे कडबा कुट्टीचं यंत्र असेल तर दोन पोती पाला झटक्यात बारीक होतो. पण काम झाल्यावर यंत्र नीट साफ करा. मोरपंखी किंवा कण्हेरीचे तुकडे गुराबकऱ्यांच्या चाऱ्यात जाता कामा नयेत. कण्हेर तर जनावरांसाठी जीवघेणी विषारी आहे. अंगठ्यापेक्षा जाड फांद्या बाजूला काढा, त्यांचा उपयोग वेगळा.

२. भिजवा. सागाची पानं पायाने तुडवून चुरा. ती आणि वाळलेली छाटणी रात्रभर पाण्यात किंवा शेणकाल्यात भिजत ठेवा. मेणाचा थर असलेल्या पाल्याला ही एक रात्र फार उपयोगी पडते.

३. थर लावा. तळाला काड्या, पऱ्हाटी किंवा तुराट्या आडव्या घाला म्हणजे खालून हवा खेळेल. त्यावर वीतभर पाला, मग शेणकाला, मग मूठ-मूठ जुनं खत किंवा माती. जुन्या खतातून तयार जिवाणू मिळतात. मोरपंखी एकूण ढिगाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. बाकी भाजीचा कचरा, गवत, मेंदीची छाटणी, सागाचा चुरा.

४. आकार सांभाळा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. याहून छोट्या ढिगात उष्णता टिकत नाही. बाजूने आधाराला बांबूच्या तट्ट्या उत्तम, हवाही जाते आणि ढीगही पसरत नाही. बांबूकामासाठी धारणी तालुक्यातलं लवादा ओळखलं जातं, त्यामुळे तट्ट्या विणणारे हात इथे लांब शोधावे लागत नाहीत.

५. ओल तपासा. मूठभर माल घट्ट पिळा. एक-दोन थेंब गळले तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त. मूठ उघडताच भुरभुरला तर कमी. उन्हाळ्यात ढीग सावलीत ठेवा आणि ओलं बारदान टाका. भांडी धुतल्याचं साबण नसलेलं पाणी, तांदूळ-डाळ धुतल्याचं पाणी इथे वापरता येतं.

६. उष्णता पाहा. लोखंडी सळई ढिगाच्या मधोमध खुपसा, पाच मिनिटांनी बाहेर काढा. हाताला चटका बसला तर काम सुरू आहे. चांगल्या ढिगात आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातं. या उष्णतेत तणांचं बरंचसं बी मरतं. ढीग थंड पडला की वरचं आत, आतलं बाहेर अशी उलथापालथ करा. तीन महिन्यांत तीन-चार वेळा पुरे.

ढीग उकरताना फावडं वापरा, उघडा हात घालू नका. ऊब आणि ओल विंचू-सापांनाही आवडते.

इंदूर ते पुसद: आपल्या रस्त्यावरचाच इतिहास

धारणीहून रस्ता पुढे मध्य प्रदेशात, इंदूरकडे जातो. याच इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तिथल्या वनस्पती उद्योग संस्थेत शेतातल्या काडीकचऱ्यावर पद्धतशीर प्रयोग केले. त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. दोघांचं पुस्तक १९३१ मध्ये आलं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. कोरड्या दिवसांत उथळ खड्डा आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग, हा त्यांचा नियम मेळघाटच्या पावसालाही लागू पडतो. जुलैत खड्डा केला तर त्याचं डबकं होतं.

दुसरं नाव आपल्या वऱ्हाडातलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे. शेतकरी त्यांना ‘नाडेप काका’ म्हणत. ना-दे-पां या आद्याक्षरांवरूनच पद्धतीला ‘नाडेप’ नाव पडलं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असं विटांचं टाकं, भिंतीत हवेसाठी सोडलेली छिद्रं. त्यात १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, फक्त ९० ते १०० किलो शेण, १,७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि १,५०० ते २,००० लिटर पाणी. थरावर थर भरून वरून मातीने लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांत माल खाली बसतो, पुन्हा भरून लिंपायचं. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत तयार.

हा आकडा ऐकून आधी मलाही शंका आली. दीड टन कचऱ्यातून तीन टन खत कसं? उत्तर मातीत आहे. टाक्यात भरलेल्या कोरड्या मालात निम्म्याहून जास्त वाटा मातीचाच असतो. पण ती भरताड नव्हे. कुजताना उडून जाणारं नत्र माती धरून ठेवते, ओल टिकवते आणि पुढे खतातच मिसळते. ज्याच्याकडे जनावरं कमी आहेत, त्याला थोड्या शेणात काम भागवता येतं, हे या पद्धतीचं मोठं बळ.

घरासाठी याचं छोटं रूप करायचं तर तीन बाय तीन बाय तीन फुटांचं टाकं म्हणजे मूळ आकाराच्या १५ टक्के. त्याला साधारण २१० ते २२५ किलो कचरा, १५ किलो शेण, २६० किलो माती आणि २२५ ते ३०० लिटर पाणी लागेल. इतका कचरा एका घराचा नसतो. शाळेच्या किंवा वसाहतीच्या आवारात मात्र सहज निघतो.

माती आंबट होते का?

बागकामाच्या गप्पांमध्ये हमखास ऐकू येणारी भीती: शंकूधारी झाडांचा पाला टाकला की जमीन आम्लधर्मी होते. ताजा पाला थोडा आम्लधर्मी असतो, हे खरं. पण कुजत जाताना ही आम्लता कमी होते आणि पूर्ण तयार खत जवळजवळ उदासीन असतं. त्यात वऱ्हाडातली काळी माती मुळात चुनखडीकडे झुकलेली. टोपलंभर खताने तिचा स्वभाव बदलत नाही.

खरा धोका अर्धवट कुजलेल्या खताचा. ते मातीत मिसळलं तर उरलेलं कुजवण्यासाठी जिवाणू मातीतलंच नत्र वापरतात आणि रोपं पिवळी पडतात. शिवाय अर्धकच्च्या शेणखतासोबत हुमणीच्या अळ्या शेतात येतात, हे कुठलाही शेतकरी सांगेल.

खत तयार झालं की नाही हे ओळखायला प्रयोगशाळा नको. रंग गडद, वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा, मूळ पानं ओळखू न येणारी. तरी शंका असेल तर एका कुंडीत खत आणि माती समान घेऊन मेथी पेरा, दुसरीत नुसती माती. दोन्हींत सारखी उगवण झाली तर खत वापरा. खतात कमी उगवलं तर ढिगाला आणखी महिनाभर द्या.

खत करायला वेळच नाही? इतर उपयोग

आच्छादन: दोन-तीन महिने उघड्यावर ठेवून जुना झालेला पाला झाडाभोवती दोन-तीन इंच जाड पसरा. मातीवर नुसता पसरवल्याने नत्राचा तुटवडा होत नाही, तो मातीत मिसळल्याने होतो. खोडापासून वीतभर जागा सोडा, नाहीतर साल कुजते. पण एक पथ्य इथे महत्त्वाचं. मोरपंखीचा वाळका पाला राळेमुळे भुरकन पेट घेतो. धारणीच्या मे महिन्यात तो घराच्या भिंतीला लागून, चुलीजवळ किंवा गोठ्याशेजारी पसरू नका. अशा जागी मातीत मुरलेलं खतच बरं.

पानांचं खत: सागाचा चुरा भोकं पाडलेल्या पोत्यात ओला करून भरा आणि सावलीत विसरून जा. वर्ष-दीड वर्षाने भुसभुशीत माल मिळतो. खताचा जोर कमी, पण रोपवाटिकेच्या मिश्रणाला उत्तम.

जाड फांद्या: टोमॅटो, वाल, कारल्याच्या वेलांना आधार द्या. उरलेल्यांची कुपाटी घाला. दोन रांगांत खुंट्या ठोकून मधे फांद्या रचल्या की बकऱ्यांना अडवणारं कुंपण तयार होतं आणि खालून कुजत मातीला मिळत जातं.

घाणेरी: छाटणीत ही असेल तर फुलं-फळं धरण्याआधीच कापून ढिगात टाका. फळं लागलेली फांदी टाकली तर खताबरोबर घाणेरीही पेरली जाईल.

जाळलं तर काय होतं?

घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई आहे आणि बागेतला कचरा आवारातच वेगळा साठवणं अपेक्षित आहे. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली.

दंडापेक्षा धूर मोठा. ओली छाटणी नीट जळत नाही, धुमसते. कमी हवेत धुमसणाऱ्या पाल्यातून सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साईड जास्त निघतात. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर हा धूर किती त्रासाचा, हे सांगायला नको.

आणि मेळघाटातला खरा धोका म्हणजे वणवा. इथलं जंगल सागाचं, पानगळीचं. उन्हाळ्यात जमिनीवर वाळक्या पानांची गादी असते. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची सवय हेही मध्य भारतातल्या वणव्यांचं एक ओळखीचं कारण. वनविभाग दरवर्षी जाळरेषा आखतो, पण वाऱ्याबरोबर उडालेली ठिणगी रेषा ओलांडू शकते. मोहाखाली पाला जाळण्याऐवजी तो झाडून बाजूला केला किंवा खाली जाळी अंथरली तरी फुलं स्वच्छ मिळतात.

जंगलातला पाला आणू का?

घरचा पाला पुरत नाही म्हणून टोपली घेऊन जंगलात जाऊ नका. झाडाची पानं ही कायद्याने वनोपज आहेत. राखीव वनातून आणि व्याघ्र प्रकल्पातून ती परस्पर उचलता येत नाहीत. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे ग्रामसभेला विचारा. शिवाय जंगलातला पाला तिथेच कुजून तिथल्याच मातीला मिळायला हवा.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

मेळघाटचं नाव बातम्यांत बहुतेक वेळा कुपोषणामुळे येतं. त्यावरचा एक छोटा, हातातला उपाय म्हणून शाळा आणि अंगणवाड्यांत परसबागा लावल्या जातात. पालक, मेथी, शेवगा, वाल, टोमॅटो. या बागा अनेकदा अडतात त्या पाणी आणि खत या दोन गोष्टींपाशी. खत विकत आणायचं तर पैसे कुठून?

अशाच एखाद्या शाळेच्या कुंपणाला मेंदी असते, फाटकाशी दोन मोरपंखी असतात आणि मागे सागाचं झाड असतं. वर्षातून दोनदा तिथून पोत्यांनी पाला निघतो. तो जाळला तर राख राहते. ढीग लावला तर जूनमध्ये भाजीच्या वाफ्यावर इंचभर खत पसरता येतं. त्या खतामुळे ओल जास्त टिकते, म्हणजे पाण्याचीही थोडी बचत. एका ढिगाने कुपोषण हटणार नाही. पण मध्यान्ह भोजनाच्या डाळीत आवारातला पालक पडू शकतो.

कधी काय करायचं?

- सप्टेंबर-ऑक्टोबर: छाटणी, बारीक करणं, पहिला ढीग. मोरपंखी छाटताना फक्त हिरवा भाग कापा. आतल्या उघड्या, तपकिरी लाकडातून सहसा नवी फूट येत नाही आणि कुंपणाला कायमचं भगदाड पडतं.
- नोव्हेंबर-डिसेंबर: दोनदा उलथापालथ, आठवड्याला ओल तपासणं.
- जानेवारी-मार्च: पहिलं खत चाळून घ्या, न कुजलेल्या काड्या पुढच्या ढिगात टाका. अंगणातला सागाचा पाला चुरून दुसरा ढीग लावा.
- एप्रिल-मे: ढीग सावलीत, ओलं बारदान. कोरडा पडला तर वाळवी लागते.
- जून: पेरणीआधी तयार खत वाफ्यात. पावसाळ्यातला नवा ढीग उंचवट्यावर, वर झाकण.

माझा दुसरा ढीग याच पद्धतीने लावला. या वेळी कोयत्याने तासभर फांद्या तोडल्या आणि दर रविवारी मूठ पिळून पाहिली. साडेचार महिन्यांनी तीन पोती खत निघालं. चाळणीत वर उरलेल्या मोरपंखीच्या काही काड्या अजूनही कडक होत्या. त्या पुढच्या ढिगाच्या तळाला गेल्या आहेत. होळीसाठी पोरांना लाकूड दुसरीकडून शोधावं लागलं.